प्रतीक्षायादीत चौथी

४ जून, बुधवार

भरला! बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरला एकदाचा. बाबांना दुपारी डोळा लागला तेवढ्यात, मोरीच्या उंबऱ्यावर बसून, मोबाईलवर. फोटो तीनदा परत आला — चेहरा स्पष्ट नाही म्हणे. चौथ्यांदा केस ओले करून मागे बसवले, मग घेतला.

एक रकाना होता — ‘शिक्षणात खंड असल्यास कारण’. पन्नास अक्षरांत! तीन वर्षं पन्नास अक्षरांत कशी बसवायची? ‘वडिलांना अर्धांगवायू’ लिहिलं. तरी जागा उरली.

५ जून, गुरुवार

कुणाला सांगितलेलं नाही. 

९ जून, सोमवार

जेवताना सांगून टाकलं. दादाचा घास हातातच राहिला. “अगं, घरात आहेस ती नर्सच आहेस की! परत शिकून काय दोन नर्सा होणार?” स्वतःच हसला. बाबांचं सलून आता तो चालवतो, दिवसभर गिऱ्हाइकांना हसवायची सवय लागली आहे.

वहिनी म्हणाली, “तिनं फॉर्म भरला तर तुमच्या पोटात का दुखतंय?” मला केवढं बरं वाटलं! पण लगेच — “हॉस्टेलवर राहावं लागतं ना गं? मग बाबांचं?”

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे बाबांची खाट. उजवी बाजू गेली, कान शाबूत आहेत.

“माझं काय!” आतून आवाज आला. “टाका कोपऱ्यात. तांब्याभर पाणी ठेवा उशाशी.”

वहिनीची औषधं भरायच्या कारखान्यात पाळी असते, ती सहाला येते. दादा नऊला येतो. म्हणजे दिवस माझा. दिवस नेहमी माझाच.

१२ जून, गुरुवार

बाबांचा पाय जास्तच बिघडला आहे. परवापर्यंत मला धरून क्षणभर तरी उभे राहायचे, तेवढ्यात मी खुर्ची सरकवायचे. आता अख्खं वजन माझ्यावर. “पायात जीवच नाही गं,” म्हणतात. आज उचलताना कमरेत अशी चमक निघाली की डोळ्यांपुढे काजवे! दादानं कमरेला बांधायचा पट्टा आणून दिला. डॉक्टर म्हणतात, तपासण्यांत नवीन काही नाही, व्यायाम हवा. व्यायाम शिकवायला यायचे त्यांना बाबांनीच भांडून घालवून दिलं, त्याला दोन वर्षं झाली.

१५ जून, रविवार

बाबांची दाढी केली. साबण लावून होईपर्यंत सूचना चालूच — पातं आडवं धर, कातडी ताण, उलटा हात मारू नकोस. चाळीस वर्षं लोकांच्या गालावरून हात फिरलेला माणूस! करून झाल्यावर डाव्या हातानं गाल चाचपला आणि म्हणाले, “दुकानात एकाचाही हात असा हलका नाही. दादाचाही नाही. तुझ्याशिवाय कुणाचा हात सहनच होत नाही बघ मला.”

कौतुकच होतं. मग माझ्याच गळ्याशी का आलं?

२० जून, शुक्रवार

मुलाखतीचं पत्र! सव्वीस तारीख, सकाळी अकरा. वहिनीनं पाळी बदलून घेतली. “एकच दिवस हं,” म्हणाली. “सुपरवायझरला माझं माहेरचं माणूस आजारी आहे सांगितलंय. आता कुणाला तरी आजारी पाडायला हवं.”

२६ जून, गुरुवार

मी काय केलं हे लिहायलाच हवं. नाहीतर डोकं फुटेल.

व्हरांड्यात तीस-पस्तीस मुली. मी सगळ्यांत थोराड. आतून एक मुलगी रडत बाहेर आली. तिची आई अंथरुणाला होती. आत तिला म्हणाले म्हणे, घरी असं माणूस असलं की पहिल्या सहा महिन्यांत मुली सोडून जातात, जागा वाया जाते. ती पायऱ्या उतरून गेली.

आत तिघं. प्राचार्या, एक डॉक्टर आणि जाड चष्म्याच्या एक बाई, त्या शिकवतात. डॉक्टरांनी विचारलं, बेडसोअर म्हणजे काय. म्हटलं, पडून पडून अंगाखाली होते ती जखम. “पुस्तकात वाचलंस?” “नाही, होऊ दिली नाही. तीन वर्षांत एकही.” तेव्हा तिघंही नीट माझ्याकडे बघायला लागले. किती वेळानं कूस बदलायची, टाचांखाली काय ठेवायचं, पाणी किती — मी घडाघडा सांगत होते. वाटलं, ही जागा माझीच आहे.

मग चष्म्याच्या बाई म्हणाल्या, “आणि आता वडिलांचं कोण बघणार?”

मी तोंड उघडलं. दादा म्हणायचं होतं. वहिनी म्हणायचं होतं. ती रडणारी मुलगी डोळ्यांपुढे होती. तोंडातून आलं — “बाबा नाहीत आता.”

 मला रडू फुटलं — खरं रडू! आपण हे बोललो म्हणून. त्यांना वाटलं, ते गेले म्हणून. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, माझ्या हातावर हात ठेवला. मी पाणी प्यायले.

घरी आले. बाबा खाटेवर टेकून बसले होते. “कशी झाली?” — “चांगली झाली.” त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण कारण काय सांगणार?

२७ जून, शुक्रवार

बाबांना शिंक आली तरी मी धावते.

३ जुलै, गुरुवार

निवड झाली. निवड झाली! यादीत माझं नाव! वहिनीनं मिठी मारली, मग तिचे हात हळूहळू सैल पडले. दादा म्हणाला, “बघू काहीतरी.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे झाकण — वर ठेवलं की आतलं कुणी बघत नाही.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. “अभिनंदन,” म्हणाले. भिंतीला.

५ जुलै, शनिवार

कॉलेजचं पत्र आलं. दोनदा वाचलं. माझी निवड सर्वसाधारण यादीतून नाहीच! ‘पितृछत्र हरपलेल्या विद्यार्थिनींसाठी राखीव जागा’. एकच असते. चष्म्याच्या बाईंनी दया येऊन माझा कागद तिकडे सरकवला असणार. अकरा तारखेपर्यंत वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा.

पत्र वाचत होते तेव्हा दाखल्यातले बाबा आतून ओरडत होते, “चहा होणार आहे का आज?”

७ जुलै, सोमवार

गप्प बसावं आणि दाखला द्यायचाच नाही. आपोआप नाव कटेल, कुणाला काही कळणार नाही. दिवसभर हेच घोळत होतं. पण अकरापर्यंत ती जागा अडकून राहणार. जिचे वडील खरंच गेले आहेत ती कुठेतरी बसली असेल मोबाईल धरून. आणि तिलाही बी.एस्सी.च करायचं असेल. माझ्यासारखंच.

८ जुलै, मंगळवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१० जुलै, गुरुवार

जाऊन आले. शेजारच्या काकूंना दोन तास बसवलं बाबांपाशी.

चष्म्याच्या बाई एकट्याच होत्या, वर्गाच्या हजेऱ्या लावत. मी उभ्या उभ्याच बोलले. “बाई, माझे वडील जिवंत आहेत.” त्यांना आधी कळलंच नाही. मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे एवढेसे दिसतात.

“तुझ्या शब्दावर मी प्राचार्यांशी भांडले,” म्हणाल्या. “ती जागा कुणाची होती ठाऊक आहे?”

“म्हणून तर आले.”

“खोटं का बोललीस?”

“खरं बोलणारी मुलगी रडत गेली, बाई.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग कोरा कागद दिला. सगळं स्वतःच्या हातानं लिहून दे म्हणाल्या. मी लिहिलं. पन्नास अक्षरांची अट नव्हती.

वाचून म्हणाल्या, “मुलाखतीत खोटं बोललीस. उद्या पेशंटच्या तक्त्यावर खोटं लिहिलंस तर माणूस मरेल. खरोखरचा. कळतंय?” मी मान हलवली. राखीव जागेवरून नाव गेलं. सर्वसाधारण यादीत माझ्या गुणांवर प्रतीक्षेत चौथी. “तिथूनही काढायचं की नाही, ते प्राचार्या ठरवतील. मी काही लपवणार नाही. पण तुला कुणी पकडलेलं नव्हतं, आपल्या पायांनी आलीस, हेही सांगेन.”

चौथी म्हणजे नाहीच. मिळालेली जागा कोण सोडतं?

११ जुलै, शुक्रवार

बाबांना सांगितलं. ताप मोजल्यासारखं शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज फाटला. “मी तिथं सांगितलं की तुम्ही नाही आहात.”

बाबा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कशानं गेलो म्हणून सांगितलंस?”

“विचारलं नाही त्यांनी.”

“बरं झालं.”

मला हसू आलं, मग रडू. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. मग कूस वळवली. स्वतःहून. मी चादर नीट केली.

१२ जुलै, शनिवार

बोलत नाहीत. औषध देताना तोंड उघडतात, तेवढंच.

१५ जुलै, मंगळवार

आज बोलले. “तुझं चुकलं नाही. माझ्यासारखा माणूस मोजायचा कशात? मेलेल्यांत की जिवंतांत?” मी म्हटलं, बाबा, असं बोलू नका. मग पुन्हा गप्प. बोलले ते बरं की गप्प होते ते बरं, कळेना. दुपारी कपडे वाळत घालताना समोरच्या घरातली मुलगी पाठीला बॅग लावून निघालेली दिसली. कुठे जात होती कोण जाणे. नुसती जात होती. मी ओला टॉवेल घेऊन तशीच उभी.

२२ जुलै, मंगळवार

फोन! चष्म्याच्या बाईंचा स्वतःचा! निवड झालेल्या चौघींनी दुसरीकडे प्रवेश घेतला. “प्राचार्यांनी तुझं नाव ठेवलंय. चोवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत येऊन सही कर. येणार नसशील तर त्याच दिवशी सकाळी ऑफिसला कळव, पाचवी वाट बघते आहे. आणि हो — वडिलांचं कोण बघणार, याचं उत्तर या वेळी खरं दे.”

उत्तर! तेच तर नाही माझ्याकडे.

२३ जुलै, बुधवार

चौघं बसलो. वहिनी म्हणाली, ती फक्त रात्रपाळी मागून बघेल, दिवसा घरी राहील. मग झोपणार कधी? दादा म्हणाला, दुकान दुपारी बंद ठेवू. दुपारीच तर गिऱ्हाईक येतं. कुणी वाईट नाही गं आमच्याकडे! वाईट असते तर मी दार आपटून निघून गेले असते.

बाबा म्हणाले, “जा तू.” पण हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली माझी.

नाही जमायचं. त्यांना उचलायला दोन माणसं लागतात, ते काम मी एकटी करते. माझ्यामागे एकटी वहिनी कशी करेल? पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येईल. येऊ दे. उद्या ऑफिस दहाला उघडतं. नकार कळवते. लिहून ठेवते म्हणजे उद्या फिरणार नाही.

२४ जुलै, गुरुवार

घरात बोलवेना म्हणून साडेनऊला खाली जिन्यात जाऊन बसले. ऑफिसात कुणी उचलेना. पंधरा मिनिटांनी वर आले, दार लोटलं.

बाबा उभे होते. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. खाटेपासून ओटा अकरा पावलं. डाव्या हातानं चहा गाळत होते.

मला बघून पातेलं खाली ठेवलं. बसले नाहीत. आता बसून उपयोग नव्हता.

“कधीपासून?”

“गेल्या वर्षी. तुम्ही कुणी नसलात की.”

“का, बाबा?”

“उभ्या माणसाला सोडून जाता येतं गं.” मग खाली बघून, “आणि हात असा झाल्यावर दुकानात जाऊन काय नुसता बसू?”

 मी कमरेचा पट्टा सोडला, खुंटीला अडकवला. मूळ कागदपत्रं पिशवीत घातली. वहिनीला फोन करून सांगितलं — बाबा चालतात, बाकी तेच सांगतील.

पाचला अजून खूप वेळ आहे. बसस्टॉपवर बसून लिहिते आहे.