पायऱ्यांवरची नाती

प्रिय मामा,

तुला फोन लावून लावून थकले. शेवटी तुझ्या गॅरेजकडे निघालेल्या टेंपोवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. बातमी वाईट आहे रे. आपला बाळ्या गेला. परवा सकाळी, सरकारी दवाखान्यात, त्या छातीच्या दुखण्यानेच. शेवटपर्यंत मी उशाशी होते.

इस्त्रीच्या दुकानातली मालकीण विचारते, कोण होता गं तुझा? काय सांगू तिला? बंद सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्या तीन पोरांनी, कुणालाच कुणी नाही म्हणून, आपसात नाती वाटून घेतली, हे तिच्या डोक्यात कसं शिरावं? माझे पुढचे दोन दात पडलेले, म्हणून मी आजी. तू येईल त्याच्या अंगावर धावून जायचास, म्हणून मामा. तो सगळ्यांत धाकटा, म्हणून बाळ्या. आजीने पाव वाटायचा, मामाने मारामाऱ्या निस्तरायच्या आणि रुसायचा हक्क फक्त बाळ्याला. लेकाने तो पुरेपूर वापरला. मिशी फुटली तरी पावाचा कडेचा तुकडा वाट्याला आला की तोंड फिरवून बसायचा. गेल्या आठवड्यातही रुसला होता, मामा भेटायला येत नाही म्हणून. मी म्हटलं, संसारी माणूस आहे, सवड होत नसेल. तुझ्या बायकोला त्या पायऱ्या ठाऊक नाहीत, हे काही त्याला सांगितलं नाही. तुला दोष देत नाही मी. मिळालेलं घर जपावंसं वाटणारच.

पण आता नीट ऐक. शवागारातल्या माणसाने विचारलं, तू याची कोण? माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आजी." बावीस वर्षांची आजी! तो आधी हसला, मग चिडला. नंतर मी बहीण म्हटलं, शेजारीण म्हटलं, पण तो एक शब्द ऐकून घेईना. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी आलं नाही, तर बाळ्याला बेवारस म्हणून नेतील. तुझ्याकडे पक्का पत्ता आहे, तुझं ऐकतील. बायकोला काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर खरं सांग आणि तिलाही घेऊन ये. पण ये. त्या माणसासमोर उभा राहा आणि सांग, मी याचा मामा. आपण दोघं जिवंत असताना तो बेवारस कसा रे?

तुझीच,
आजी