ढीग एक शनिवार थांबला

आसुबोनी, १० नोव्हेंबर २०१२

चि. बादू यास अनेक आशीर्वाद.

आपला कोको काल टेमा बंदराकडे निघाला, पहिल्यांदाच गावाच्या नावाचा शिक्का मारून. चॉकलेटवाल्यांना पसंत पडला तर यापुढे सगळी पोती ते आपल्याकडूनच घेणार. नाहीतर पुन्हा साऱ्या मुलखाच्या कोकोत आपला कोको. सहा दिवस केळीच्या पानांखाली आंबवला, बांबूच्या चटयांवर वाळवला. कोंबड्या हाकून माझा घसा बसला. नमुना तुझ्याच प्रयोगशाळेत येणार म्हणे. ओळख दाखवू नकोस, पण वास घेऊन बघ. मामांच्या दफनाला येऊन जेवणातला फुफू न खाताच पळालास, ते मी विसरलेले नाही.

तुझी सेर्वाताई

टेमा, १९ नोव्हेंबर

ती. सेर्वाताईस शिरसाष्टांग नमस्कार.

ओळख दाखवली नाही. वास घेतला, उत्तम होता. मग यंत्राने आकडा दिला आणि चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. ताई, आपल्या कोकोत बुरशीचं विष आहे, मर्यादेच्या तिप्पट. नमुना तीनदा तपासला. चौथ्यांदा लावायला निघालो, तर साहेब म्हणाले, आकडा आता पाठ झाला असेल.

हे विष दिसत नाही, वासाला येत नाही, भाजूनही पुरतं जात नाही. मूत्रपिंडाला बाधतं, आणि चॉकलेट खाणाऱ्यांत दुधाचे दात फार. म्हणून सही केली. माल नाकारला गेला आहे.

कोयता लागलेली फळं न फोडता पडून राहिली, की ही बुरशी आत शिरते. तोडल्यावर फोडायला किती दिवस लागले? कोणाचा आळस नडला तेवढं कळव. त्या महाभागाला शुद्ध भाषेत चार शब्द ऐकवीन.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही उरावा.

आपला बादू

आसुबोनी, २६ नोव्हेंबर

चि. बादू यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पायरीवरच बसले. अजून कोणाला दाखवलेलं नाही. सगळे विचारतात, चॉकलेटवाले कधी येणार.

फळं बुधवारी तोडली. उंचावरच्या फळांना कोयता लागतोच. शनिवारी मामांना पुरून सोमवारी सगळ्या गावाने मिळून फोडायची, असं ठरलं होतं. माणूस पुरायचा राहिला असताना गाव फळं फोडायला बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या शनिवारी मामांना पुरलं नाही. पाच दिवसांचा ढीग बारा दिवस पडून राहिला.

शनिवार का पुढे गेला, ते मी लिहायला नको. टेमाहून फोन आला होता: रजा मिळत नाही, एक आठवडा थांबा, मामांचा वारस भाचाच, त्याच्यावाचून कसं पुराल? थांबलो. मामा शवागारात, फळं ढिगात.

आता गावाला मी काय सांगू?

सेर्वाताई

टेमा, २ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तू काही सांगू नकोस. पत्र चार वेळा वाचलं. नमुन्यापेक्षा एकदा जास्त. निकाल तोच.

येत्या शनिवारी येतो. या खेपेला रजा मागितली नाही, फक्त कळवली. गाव जमवून ठेव. ते शुद्ध भाषेतले चार शब्द तयार आहेत. ज्याला ऐकवायचे तो महाभाग माझ्याबरोबरच बसने येतो आहे.

त्यानंतरही कोणी वाढलं, तर फुफू खाऊनच निघेन. लोभ असावा असं लिहायचा धीर आज होत नाही.

बादू