देवीच्या तलवारीतली वीज

२० सप्टेंबर १९७१
तलवार पेटली पाहिजे म्हणे! अष्टमीच्या खेळात देवी महिषासुराला मारते तेव्हा तिच्या हातात लखलखाट हवा. देवी होणार आमचे हे. आणि जोडणी करणार मी — लग्न होऊन खर्ड्यात आल्यापासून वाती वळत बसलेली नगरची बी.एस्सी.! किती दिवसांनी हातात वायर आली. हसू आवरेना.

२२ सप्टेंबर
पत्र्याचं पातं, मध्ये खाच, वरून पिवळा जिलेटीन कागद. आत बॅटरीचे चार बल्ब. आधी एकामागे एक जोडले, तर नुसते लाल झाले. मग प्रत्येकाला सेलपासून वेगळ्या तारा दिल्या. झक्क! पण सेल भराभर उतरतात. म्हणून मुठीत बटण ठेवलं. वधाच्या वेळीच दाबायचं.

सासूबाई म्हणाल्या, "घरात सून आणली की वायरमन?" पण तलवार दोनदा पेटवून बघितली त्यांनीच.

२४ सप्टेंबर
मंडळाचे अध्यक्ष राधाकृष्ण पाटील ओट्यावरूनच — "वहिनी, लई मिनमिन करतंय वो. मागच्या मान्साला दिसाया नको व्हय? आपला मांडवाच्या लायटिंगवाला छगन लग्नाच्या माळंतले दिवे बसवतो. डायरेक लाईटीवर!"

मी म्हटलं, अहो, वध झाला की बायका स्टेजवर चढून देवीच्या पायांवर तांबे ओततात. पत्र्याची तलवार, अनवाणी पाय, खाली पाणी — एक तार सोललेली निघाली तर माणूस जागच्या जागी जाईल!

"देवीच्या हातात हाय ती. देवीला काय हुतंय?"

ह्यांच्याकडे बघितलं. "बघू," म्हणाले. ह्यांचं सगळं 'बघू'वरच चालतं.

२६ सप्टेंबर
काल बाजूला बसले. नेमकी आत्ताच! मागच्या खोलीत चटई, वेगळा तांब्या. कुणाला शिवायचं नाही, देवळाकडे फिरकायचं नाही. कागदाला विटाळ होत नाही, हे मीच ठरवलंय.

तलवार छगन घेऊन गेला. काय केलं तिचं, विचारू कुणाला?

२७ सप्टेंबर, दुपार
खिडकीतून दिसली. मुठीतून लांबलचक वायर लोंबतेय!

हे लुगडं नेसून, मळवट भरून अंगणात उभे. मी ओरडले — घेऊ नका ती हातात! ह्यांनी लांबूनच हात जोडले. एकदा मळवट भरला की खेळाबाहेर देवी एक शब्द बोलत नाही.

सासूबाईंना म्हटलं, तुम्ही तरी थांबवा. "आता तो माझाही मुलगा नाही, देवी आहे," म्हणाल्या. उंबऱ्यात एकदा थबकल्या. तरी गेल्याच.

हलगी वाजायला लागली. मी इथे कोंडलेली. संतापाने रडू येतंय. भीतीनेही.

२८ सप्टेंबर
हे धडधाकट आहेत. गाव खवळलंय.

काल शेवटी गेलेच मी. भर देवळात! "अगं बया, बाजूला बसलीय ती!" शेजारची भागूबाई किंचाळली, तशी गर्दी दोन्हीकडे सरकली. बायका तांबे भरून उभ्याच होत्या. पाटलांनी मला धरायला हात पुढे केला — आणि मागे घेतला. अडवायचं तर मला शिवावं लागणार होतं. कुणीच शिवेना. सरळ चालत स्टेजमागे गेले आणि मेन स्विच खाली ओढला.