मागच्या आसनाचे कलम

मी, विश्वंभर व्यंकटराव सेनगावकर, वय वर्षे ७१, धंदा पूर्वी दस्तलेखन व आता नुसते बसणे, राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्याच टंकयंत्रावर माझ्याच बोटांनी लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन्ही हात थरथरतात, पण थरथर मनगटात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही. एकेचाळीस वर्षे रजिस्ट्री कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली आणि प्रत्येकात ‘देहाचा भरवसा नाही’ हे वाक्य घातले. ते लिहिताना मला कधी काही वाटले नाही. या कागदात ते घालायला मन घेत नाही, म्हणून गाळले आहे.

कलम १. माझे वारस येणेप्रमाणे: पत्नी सौ. साधना, मुलगा विश्वजीत, मुलगी गुंजन. रीतीप्रमाणे गुंजनच्या नावाआधी ‘मयत’ असे लिहावे लागते. लोकांच्या लेकरांच्या नावांआधी हा शब्द मी शेकडो वेळा बडवला आहे. इथे लिहिणार नाही. ती २६ सप्टेंबर २०१९ रोजी नांदेडला दवाखान्यात डेंग्यूने गेली, असे तारखेसह नमूद केले म्हणजे कायद्याचे काम भागते.

कलम २. कळमनुरी येथील राहते घर, वडिलांनी बांधलेले व वाटणीत मला आलेले. चतुःसीमा: पूर्वेस नगरपालिकेची गल्ली, पश्चिमेस आमचीच मोरी व कढीपत्त्याचे झाड, दक्षिणेस मोकळी जागा, उत्तरेस लालसिंग यांचे घर. लालसिंग हे माझे शेजारी आणि लिंबाखालचे माझे प्रतिस्पर्धी. उत्तरेच्या भिंतीत खुंट्या ठोकण्याचा त्यांना हक्क नाही, हे तोंडी बरेचदा सांगून झाले. आता लेखी सांगतो.

हे घर साधना हयात असेपर्यंत सगळे तिचे. तिच्यामागे निम्मे विश्वजीतचे आणि निम्मे गुंजनचे.

साक्षीदार हिरासिंग माझ्या हाताखाली शिकून दस्तलेखक झाले. कच्चा मसुदा वाचताना ते इथे थांबले.

“काका, हे कलम टिकत न्हाई. ताई ऱ्हायल्या न्हाईत, त्यायला लेकरूबाळ न्हाई. हिस्सा फिरून इश्वजीतकडंच जाईल.”

“ठाऊक हाय.”

“मंग काहून लिहून राहिले?”

“लिहायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं, म्हनून.”

त्यांनी पान उलटले. कलम रद्दबातल आहे हे मला माहीत असूनही मी ते घातले आहे. विश्वजीतने त्याचा हिस्सा बिनदिक्कत घ्यावा, त्याचा यात काही दोष नाही. दोष कोणाचा ते पुढे येते.

कलम ३. टंकयंत्र लालसिंग यांना द्यावे. हल्ली सगळे संगणकावर चालते, त्यामुळे ते घेतील की नाही कोण जाणे. पण या यंत्रात ‘ण’ची कळ उत्तम चालते. पंचवीस वर्षे ते ‘दडपणाशिवाय’ हा शब्द ‘दडपनाशिवाय’ असा लिहीत आले आहेत व पक्षकार मुकाट सह्या करत आले आहेत. यंत्र समोर असले तर निदान लाज वाटेल.

हिरासिंग यांना काही देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये हे मीच त्यांना शिकवले. तरी ते थोडे फुगले आहेत.

कलम ४. विमाने. यांची हकीकत सांगितल्याशिवाय त्यांचे वाटप समजणार नाही.

सन २००३ मध्ये एका दाव्याच्या नकला आणायला मी हैदराबादेस गेलो होतो. गुंजन तेव्हा आठवीत. तिच्यासाठी एका दुकानातून खेळण्याचे विमान घेतले. अंगाच्या साबणाच्या दोन वड्या बसतील एवढा खोका. घरी येऊन उघडला तर आत विमान नाही, नुसत्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले बारीक बारीक तुकडे. मी दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या, मोडका माल गळ्यात मारला म्हणून.

गुंजन पोट धरून हसली. “बाबा, मोडकं न्हाई. हे आपुन जोडायचं असतंय.”

खोक्यावर १/१४४ असे छापले होते. जन्म वाटण्यांत गेलेला माणूस मी. म्हटले, “एवढा बारीक हिस्सा? बारा भावांच्या वाटनीतबी एवढा बारीक पडत न्हाई.”

“हिस्सा न्हाई बाबा, अख्खं इमान हाय. फकस्त बारीक हाय.”

मुद्रांक तपासायचे माझे भिंग तिने त्याच दिवशी पळवले. पुढे मला दुसरे घ्यावे लागले. चिमट्याने तुकडा धरायचा, पात्याने कड साफ करायची, श्वास रोखून बसवायचा. चाक म्हणजे मोहरीचा दाणा. एकदा एक चाक उडाले तर आम्ही चौघे जण संध्याकाळभर जमिनीवर ओणवे झालो होतो, आणि शेवटी ते साधनाच्या पदराला सापडले. पहिले विमान तयार झाले ते शेपटीवर बसले, नाक वर. तिने पुस्तकात शोधले. नाकात वजन घालावे लागते म्हणे. मग मी सिद्धेश्वरच्या धरणावरच्या मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याच्या शिशाचा एक तुकडा मागून आणला, आणि तो कापून कापून पुढच्या सगळ्या विमानांना पुरला. बाप म्हणून माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी हे एक मोजतो.

तिने अशी सहा विमाने पूर्ण केली. प्रत्येक माझ्या तळहातावर मावते. ती सहाही साधनाला द्यावीत. तीच ती रंगाच्या ब्रशने झाडते, मला हात लावू देत नाही.

कलम ५. सातव्या विमानाआधी एका दस्ताचा उल्लेख करणे भाग आहे.

गुंजनचे लग्न मे २०१४ मध्ये वसमतचे श्री. उद्धव यांच्याशी झाले. लग्नाच्या नऊ दिवस आधी मी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. आमच्याकडे रीत आहे. लेकीने बापाच्या घरावरचा हक्क भावासाठी सोडायचा. असे किती कागद मी लिहिले याची गणती नाही. रडवेल्या पोरींना मी सांगायचो, “कर बाई सही, मायेर पक्कं ऱ्हातं.” मला ते खरेच वाटायचे.

विश्वजीत तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याने सरळ म्हटले, “बाबा, ताईचं नाव ऱ्हाऊ द्या ना. मला काय तकलीफ हाय?” साधनाने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. मीच हटून बसलो. लोकांच्या लेकींकडून घेतो, आपलीला सूट दिली तर लिंबाखाली कोणत्या तोंडाने बसू, असे मी म्हणालो. तो माझा ताठा होता, दुसरे काही नाही.

रजिस्ट्रीत तिने सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. बाहेर आल्यावर एवढेच विचारले, “बाबा, इमानांवरचा हक्कपन सोडला का मी?”

मी म्हणालो, “येडी का काय.” आणि पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

त्यानंतर ती माहेरी यायची, सणाला, कार्याला. पण आली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, “आई, पानी देती का?” माठ तिथेच, पेला तिथेच. तिने पुन्हा कधी या घरात हाताने पाणी घेतले नाही. साधनाने मला ते पहिल्याच दिवाळीत दाखवले. मी म्हणालो, सासरी गेलेल्या पोरी अशाच होतात.

कलम ६. सातवे विमान. हे दोघांचे आहे; पुढे चालवणाऱ्याचे आसन, मागे सोबत्याचे. लग्नाच्या गडबडीत ते पूर्ण व्हायचे राहिले. आत बसायची माणसे जोंधळ्याच्या दाण्याहून जरा मोठी. ती तिने एका केसाच्या ब्रशने रंगवून आत बसवली होती. वरचे पारदर्शक झाकण तेवढे बसवायचे होते. जाताना साधनाला सांगून गेली, “झाकन मी येऊन बसवीन. सुताराच्या पांढऱ्या फेविकॉलनंच बसवावं लागतं, कोनी हात लावू नका.”

साधनाने तो निरोप मला दिला होता. मी ऐकला नव्हता.

सव्वापाच वर्षांत तिने ते बसवले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मला वाटले, आपणच पूर्ण करून वसमतला घेऊन जावे आणि म्हणावे, हे घे, यावरचा तुझा हक्क कोणी सोडायला लावला नाही. मनात पुढचेही होते, की हक्कसोडाचेही बोलून टाकावे. मी कधी कोणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळे हातात काहीतरी असावे असे वाटले.

फेविकॉल मला कच्चा वाटला. एका थेंबात चिकटणारी ट्यूब आणली. जन्मभर पक्के करण्याची सवय. झाकण बसवले, छान बसले. सकाळी बघतो तर आतून सगळे पांढरे झाले होते, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखे. त्या ट्यूबची वाफ काचेसारख्या प्लास्टिकवर धरते, हे मला नंतर कळले. बाहेरून कितीही पुसले तरी आतले जात नाही.

आणि बसवण्याआधी आतल्या माणसांकडे मी नीट पाहिले नव्हते. भिंग खिशात होते.

मी विमान घेऊन गेलो नाही. रविवारी, १५ सप्टेंबरला, तिला फोन केला. म्हणालो, तुझे विमान तयार आहे.

 ती म्हणाली, “मागं कोन बसलंय, बघितलं का बाबा?”

“बघितलं की.”

“मग?”

मी म्हणालो, “लई झ्याक.”

“नुसतं झ्याक?” ती म्हणाली.  मग म्हणाली, “बरं. ठेवते.”

आमचे बोलणे तिथे संपले. अकराव्या दिवशी ती गेली. मी तिच्याशी खोटे बोललो. दुरुस्तीपत्र करायला वेळ मिळाला नाही.

कलम ७. तेराव्यानंतर मी साधनाला विचारले, मागे कोण आहे ते तुला माहीत आहे का.

“व्हय. तिनं रंगवताना मी समोर व्हते. तुमी सही घेऊन आलात, त्याच दिवशी मागचा रंगवला तिनं.”

“मग सांग की.”

“न्हाई सांगनार. तुमाला बघायला ठिवलं व्हतं तिनं. सव्वापाच वर्सं ते टेबलावर पडून व्हतं.”

 ती त्यानंतर मला वेळेवर जेवायला वाढते, गोळ्या देते, पण हे सांगत नाही. तिचा हक्क आहे.

मग मी विमान गोपीचंद यांच्याकडे नेले. ते आमच्या बाजारात घड्याळे दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पाहिले. म्हणाले, “काका, पात्यानं झाकन कापून काढतो. आतल्या मान्साला धक्का लागत न्हाई. दहा मिन्टाचं काम.” त्यांनी पाते हातात घेतले आणि मी विमान त्यांच्या हातातून काढून घेतले. त्यांना वाटले, माझा विश्वास नाही. तसे नाही. मी भ्यालो. झाकण बंद आहे तोवर मागे मी असू शकतो. उघडल्यावर तिथे तिची आई असेल, उद्धव असतील, विश्वजीत असेल. ज्या दिवशी मी तिच्याकडून सही घेतली त्या दिवशी तिने मला मागे बसवले असेल, असे मानायला माझ्याकडे एकही पुरावा नाही.

कलम ८. सबब सातवे विमान कोणीही उघडू नये. साधनाच्या ताब्यात राहावे. तिच्यामागे ते श्री. उद्धव यांना द्यावे. ती गेल्यावर त्यांनी गुंजनच्या रंगांचा डबा स्वतः आणून दिला होता, माणूस चांगला आहे. रंग वाळले आहेत, फेकू नयेत. भिंग गोपीचंद यांच्या पत्नी मिराबाई यांना द्यावे. त्या शिवणकाम करतात, सुई ओवायला उपयोगी पडेल.

विश्वजीतने आपल्या मुलीकडून पुढेमागे हक्कसोड घेऊ नये. ही विनंती आहे. मेलेल्या माणसाला अट घालता येते, पण माझ्यासारख्याने घालू नये.

कलम ९. माझा देह घरातून उचलण्याआधी, तोंडात तुळशीचे पाणी घालतात त्या वेळी, सर्वांनी थोडा वेळ बाहेर जावे. साधनाने एकटीने माझ्या उशाशी बसावे आणि मागच्या आसनावर कोण बसले आहे ते माझ्या कानात सांगावे. जिवंतपणी ऐकण्याची मला छाती नाही. मी असेन तर तसे सांगावे. नसेन तर तेही तसेच सांगावे. मला बरे वाटावे म्हणून नाव बदलू नये. उजव्या कानात सांगावे, डाव्याने मला ऐकू येत नाही.

साधना माझ्याआधी गेल्यास हे कलम रद्द समजावे व मला कोणी काही सांगू नये.

एकूण कलमे नऊ. मजकूर मी स्वतः वाचून पाहिला, बराबर आहे. सही वेडीवाकडी दिसेल, ती माझीच आहे.

स्थळ: कळमनुरी
तारीख: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) विश्वंभर व्यंकटराव सेनगावकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:
१. (सही) हिरासिंग रामसिंग चव्हाण, दस्तलेखक, कळमनुरी
२. (सही) वैजनाथ माणिकराव डोंगरकडेकर, निवृत्त शिक्षक, कळमनुरी

(खाली पेन्सिलीने, वेगळ्या हस्ताक्षरात)

कलम नऊ वाचलं. उजव्या कानात सांगीन.
साधना