हार्लनच्या तीन उड्या

सोमवार, ४ मार्च

हार्लनच्या हिशेबात सात उड्या आहेत. यंत्रं बदलली चारदा. मग या तीन कसल्या?

हार्लन मे महिन्यात निवृत्त होतोय, म्हणून त्याचे दोन तारे माझ्या गळ्यात पडलेत. विझलेले तारे, एकमेकांभोवती फिरणारे. त्यातला एक टिकटिकतो, आणि ती टिकटिक आमची रेडिओ दुर्बीण वीस वर्षं ऐकतेय. आइनस्टाईनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत खरा असेल, तर कुठला ठोका कधी यायचा हे आधीच सांगता येतं. हार्लनचा ठोका कधी चुकला नाही! त्यावर त्याला पदक मिळालं. मला ही नोकरीही त्यानेच दिली.

यंत्र बदललं की ठोके मागेपुढे होतात. मग हिशेबात एक उडी टाकायची – म्हणजे नंतरचे ठोके सरकवून आधीच्यांशी जुळवून घ्यायचे. सगळेच टाकतात. पण यंत्र बदललेलंच नसताना?

मंगळवार, ५ मार्च

कॅन्टीनमध्ये विचारलं. हार्लन बिस्किटांवर, म्हणजे इथल्या मऊ पावांवर, ग्रेव्ही ओतत होता. "घड्याळ सरकलं असणार, पोरी. नाहीतर काय, आइनस्टाईन सरकला?" सगळे हसले. मीही हसले. त्याची बायको वर्ना म्हणाली, "आमच्या लग्नाला उशिरा आले, तेव्हाही यांचं घड्याळच सरकलं होतं."

गुरुवार, ७ मार्च

त्या तीन उड्या काढून बघितल्या. ठोके उशिरा येतायत. दरवर्षी आणखी उशिरा!

सूप मायक्रोवेव्हमध्येच राहून गेलं – दुर्बिणीला त्याची खरखर ऐकू जाऊ नये म्हणून तो लोखंडी कपाटात ठेवलाय.

शुक्रवार, ८ मार्च

जर्मनीतली उल्रिके याच ताऱ्यांवर काम करते. दुर्बीण वेगळी, घड्याळ वेगळं. तिचं सगळं आइनस्टाईनशी जुळतं, तेव्हा चूक माझीच असणार. जरा हायसं वाटलं. खात्री करायला फोन लावला.

"जुळत नव्हतंच गं," ती म्हणाली. "पण हार्लनने तिथे उडी टाकली होती ना. मग आम्हीही टाकली. त्याला कोण विचारणार?"

फोन ठेवला. परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहावं तसं केलंय यांनी! आणि मी हेच खरं धरून शिकले.

सोमवार, ११ मार्च

उल्रिकेनेही उड्या काढल्या. तिचेही ठोके उशिरा. माझ्याइतकेच.

म्हणजे आइनस्टाईन – मला लिहवत नाही. हार्लनला कोण सांगणार? मीच. त्याची सगळी हयात यात गेली. आणि आतून आनंदही होतोय, त्याची लाज वाटते.

मंगळवार, १२ मार्च

त्याच्या घरी गेले. म्हटलं, "हार्लन, तुमचं घड्याळ बरोबर होतं."

तो चष्मा पुसत राहिला. "ठाऊक आहे. पहिल्या वेळीच तपासलं होतं मी." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाला, "वाटलं, आइनस्टाईनपुढे मी कोण?"