आधी कुणी निघायचं

निपाणी,
क्षमावाणीचा दुसरा दिवस

चि. कुमार यास,

जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता बरा आहे असं कळलं (मी विचारत नाही, संकेश्वरच्या आक्का आपणहून सांगतात). सौ. प्रणितास आशीर्वाद. नऊ वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलेलं पाहून तू आधी ते उलटसुलट करून बघशील. आई गेली तेव्हा तू जांबोटीच्या शाळेवर नोकरीला होतास, फोन लागत नव्हता, आणि सगळं उरकल्यावर आलास. मी चारचौघांत तुला नाही नाही ते सुनावलं आणि आपलं बोलणं तुटलं. चूक कुणाची, हे मी आज काढत नाही. (तुझी.) तरी पहिलं पत्र माझं जातंय, याला कारण फादर इनास.

फादर गेल्या महिन्यात वारले. तू राहतोस त्या खानापूरच्याच एका सुताराचा हा मुलगा रोमला जाऊन ईश्वरशास्त्राचा पंडित झाला आणि म्हातारपणी आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिला. त्यांचे मराठी लेख मी तपासून द्यायचो (ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत रोमचा काही उपयोग झालेला नव्हता). त्यांचा जन्मभराचा विचार एवढाच की, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच आधी निघायचं. देव खुर्चीत बसून माणसाची वाट बघत नाही. दुखावलेला तोच आणि चालत येणाराही तोच. मग पश्चात्तापाचं काय, असं त्यांच्या वरिष्ठांनी विचारलं. फादरांनी लिहून कळवलं, पश्चात्ताप होतोच, पण दार वाजल्यावर. दोन वर्षं त्यांचं शिकवणं बंद झालं. ज्यांनी बंद केलं ते पुढं आजारी पडले, तेव्हा हेच गुळाची ढेप घेऊन त्यांच्या दारात उभे. मी म्हटलं, आम्हा जैनांत जग घडवणारा देवच नाही, तर निघणार कोण? ते म्हणाले, "मग तर मास्तर, तुम्हालाच चालाय लागतंय." त्यावर मी आठ दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही.

क्षमावाणीला मी दरवर्षी दोनशे कार्डं पाठवतो, तुला ठाऊक आहे. कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. विजेच्या लाइनमनलाही एक जातं. फादरांनी कार्ड वाचून विचारलं, "माझं काय वाकडं केलासा?" म्हटलं, काही नाही, रीत आहे. "आणि ज्याचं केलंय त्याला धाडलासा?" मी म्हटलं, चहा घ्या.

परवा बेळगावात त्यांची शोकसभा झाली आणि मला बोलायला उभं केलं. आपण काय बोलणार, म्हणून मी त्यांची शेवटची वही नेली होती. जे पान उघडलं ते खड्या आवाजात वाचत सुटलो (माझा वर्गातला आवाज तू ऐकलेला आहेस): ‘मास्तर आज क्षमेवर माझ्याशी दोन तास भांडले. तेवढ्या वेळात खानापूरला भावाच्या दारात पोचले असते. आपण विचारायचं नाही. त्यांचे तेच सांगतील.’ दीडशे माणसं हसली. पुढच्या रांगेतल्या एका सिस्टरना तो दृष्टांत वाटला, त्यांनी उतरून घेतला. मी रुमाल तोंडाला लावून खाली बसलो. मास्तरांना फादरांच्या आठवणीनं भरून आलं, असं सगळे म्हणाले. भरून आलं होतं, पण आठवण आईची होती.

तर फादरांच्या नियमानं, दुखावलेला मी, म्हणून आधी मी लिहितोय. एवढा मोठेपणा माझा मान्य कर.

तुझा थोरला भाऊ,
कुंथुनाथ

ता. क. यंदा कार्डं कुणालाच पाठवली नाहीत. गठ्ठा तसाच कपाटात आहे.

आणखी एक. त्या दिवशी जांबोटीला फोन लागला नाही, हे खोटं. मी लावलाच नव्हता. आई दोन दिवस तुझं नाव घेत होती आणि उशाशी मी बसलो होतो. मला ते सोसलं नाही.

म्हणजे नियमानं आधी निघायचं ते तू. रविवारी ये. दिवस मावळायच्या आत पोचलास तर बरोबर जेवू. उशीर झाला, तर रात्रीचं जेवण आपल्यात नाही, मीही उपाशी राहीन. सकाळी दोघं मिळून जेवू.