माय फादर इज अ फार्मर

७ जुलै, सोम.
नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात इंग्रजी संभाषणाची तपासणी सुरू. बारा कामगार, माणशी सात मिनिटं, गुण एक ते पाच. तीन पडले की लाइन लीडर आणि कायम नोकरी, नाहीतर आहेच कंत्राट. इंग्रजीच्या मास्तरकीतून रिटायर होऊनही माझी हौस काही फिटत नाही. लोणावळ्याहून येऊन-जाऊन कंबर धरली.
सहा झाले. सहाही जणांचे वडील शेतकरी, शिवाय 'बेस्ट फ्रेंड'. एक देहूरोडचा, वडील डेपोत कामाला. म्हटलं, "शेत कुठंय रे तुझं?" म्हणाला, "सर, पाठ तेच केलंय." सगळ्यांना तीन-चार गुण. अडखळले नाहीत ना!

८ जुलै, मंगळ.
उरलेले सहा. शेवटी संगीता. चाळिशीची, आठ वर्षं असेंब्लीवर. नाव, गाव झकास. 'माय फादर इज' म्हणाली आणि गप्प. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच गप्प. मी घड्याळ बघत बसलो. दोन दिले. यादीवर सही करून एचआरच्या मॅडमना देऊन टाकली.

९ जुलै, बुध.
इथं पुढे मला घ्यायच्या वर्गासाठी कामावरचे शब्द टिपायला शॉपवर, मशीनपाशी गेलो. जर्मन इंजिनियर मशीन चालू करणार, तेवढ्यात संगीता मध्ये आडवी. "नो स्टार्ट! फर्स्ट लुक. बोल्ट लूज." तो वाकला, बघितलं, थँक्यू म्हणाला. हिला मी दोन दिलेत.
जेवणाच्या सुट्टीत विचारलंच, काल काय झालं?
"सर, माझा बाप शेतकरी न्हवता. लोकाच्या रानात मजुरीला जायचा. आमाला गुंठाभर जमीन न्हाई. खोटं कसं बोलू?"
"मग खरं बोलायचं."
"दुसरं चालंल, असं कुटं कोण म्हणलं?"
पर्समधून झेरॉक्स काढून दाखवली. तपासणीची तयारी करून घेणाऱ्या क्लासवाल्याने दिलेली, झेरॉक्सची झेरॉक्स, पण अक्षर माझं. वीसेक वर्षांपूर्वी तळेगावच्या क्लाससाठी मीच लिहिलेला उतारा! तेव्हा पुढच्या बाकांवर जमीनवाल्यांची मुलं. मागच्या बाकांवर कोण होतं? आठवत नाही. लाज वाटली. तिला मात्र सांगितलं नाही.

११ जुलै, शुक्र.
संगीताची फेरतपासणी मागितली. एचआरच्या मॅडम: "सर, सही झालीय. एकीचं ऐकलं तर उद्या बाकीचे अकराही दारात." तासभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी कबूल. मंगळवारी फेरतपासणी, फक्त संगीताची. गुण मी देईन तेच धरणार.
घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "चूक तुमची आणि परीक्षा तिची!"

१३ जुलै, रवि.
भुशी धरणावरच्या गर्दीमुळे रस्ता बंद, घरातच. गुणांचा तक्ता पुन्हा वाचला. तीन म्हणजे 'साध्या वाक्यांत स्वतःबद्दल सांगता येणे'. तिला येईल का, माहीत नाही. पण तीन द्यायचे हे मी आधीच ठरवून बसलोय. ही तपासणी की माफी? आणि त्या अकरा जणांचं काय? पाठांतराला चार दिलेत मी. तो विषय कुणी काढलेला नाही. मीही नाही.

१५ जुलै, मंगळ.
फेरतपासणी. म्हटलं, "वडिलांबद्दल सांगा. खरं तेच."
तिने खुर्ची पुढे ओढली. मग: "माय फादर वर्क अदर पीपल फार्म. मॉर्निंग गो, नाइट कम. ही नॉट रीड. ही सेंड मी स्कूल. पीपल लाफ. ही नो लाफ." मग मुलीबद्दल, स्कूटीबद्दल. सात मिनिटं पुरली नाहीत.
वाक्यं मोडकी. तक्त्याप्रमाणे दोन की तीन? दुसरा परीक्षक असता तर दोन म्हणाला असता, असं वाटतं. नक्की नाही. तीन लिहिले. हात थोडा थांबला होता, हे इथं लिहून ठेवतो.
गेटजवळ रेनकोट घालून उभी होती.
"सर, किती?"
"तीन."
हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.
"मला पडले, का तुमी दिले?"
कंपनीची बस आली. "उद्या सांगा," म्हणाली आणि चढली. दुरुस्त यादी अजून माझ्याच पिशवीत आहे, मॅडमना दिलेली नाही.